आंधळ्या कोकराची नोंद

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. हिवाळ्याचे दिवस होते. कापसाची वेचणी उरकलेली, रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या, आणि शेतकऱ्याने खतासाठी ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवून घेतलेल्या. मी पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचायला गेलो होतो. सगळा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तो कळप, टोचून झाला, मी सामान आवरायला लागलो, तेवढ्यात घरातल्या म्हातारीने मला जाळीच्या टोकाला नेलं. वर्षाच्या आतबाहेरचं एक कोकरू जाळीला कपाळ टेकवून उभं होतं.

"याले दिसत नही, भाऊ," ती म्हणाली.

मी डोळ्यासमोर बोट नेलं, पापणी हलली नाही. डोळा मात्र स्वच्छ होता. फूल पडलेलं नाही, पाणी गळत नाही. बॅटरीचा झोत टाकला तर बाहुली थोडी आकसली. म्हणजे उजेड डोळ्यात शिरत होता, बिघाड त्याच्या मागे होता, मेंदूत. डोक्यात पाण्याचा फोड होऊन गरगर फिरणाऱ्या मेंढ्या मी कितीतरी पाहिल्या होत्या. हे कोकरू फिरत नव्हतं, कवटीही कुठे मऊ लागत नव्हती. धान्याच्या राशीवर तोंड मारून बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं तर येणारं आंधळेपण एका-दोन दिवसांत येतं. याची नजर दोन-तीन महिन्यांत हळूहळू गेली होती. म्हातारीने त्याच्या आईच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं, आणि त्या आवाजामागे ते चालत असे. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी त्या वेळी नुसती ऐकली: याच मेंढीचं मागल्या खेपेचं कोकरूही असंच झालं होतं.

मी बी-१ चं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या वाड्यावर गेलो. रजिस्टरमध्ये त्या दिवशी किती मेंढ्या टोचल्या एवढाच आकडा लिहिला. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा कोकरू खाटकाकडे गेलेलं होतं.

या चुकीची मला खरी किंमत कळली ती १२ वर्षांनी, आणि ती कळवली एका मुलाने. माझी भाची शिरपूरला दिली आहे. तिचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत अंगणभर धावायचा, फक्त बोलणं जरा उशिरा आलं. तिसऱ्या वर्षी फीट आली. फीटची एक गोळी झाली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या वर्षी चालताना तोल जायला लागला. पाचव्या वर्षी आधाराशिवाय बसता येईना. सहाव्या वर्षी समोर धरलेला घास दिसेना. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं गेलं की जन्माच्या वेळी बाळ गुदमरलं असणार. या एका वाक्याचं ओझं भाचीने किती वाहिलं ते मी पाहिलंय. सासरचे बोलत, शेजारच्या बाया बोलत, आणि सर्वात जास्त ती स्वतःशी बोलत असे. मुलगा सात वर्षांचा असताना मुंबईत जनुकांची तपासणी झाली आणि कागदावर नाव आलं: बॅटन गटातला आजार, सीएलएन२. गुदमरण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत भाची खोलीत शिरताना हातातल्या बांगड्या वाजवत यायची, आई आली हे त्याला कळावं म्हणून. दहाव्या वर्षी तो गेला.

त्या बांगड्यांचा आवाज ऐकताना मला जाळीला टेकलेलं ते कोकरू आठवलं. मग मी वाचायला लागलो. निवृत्तीनंतर वेळ होता. जे वाचलं त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते मी इथे मांडतो आहे: लहान मुलांच्या मेंदूच्या या आनुवंशिक आजारांवरच्या संशोधनात मेंढीचा उपयोग करणं योग्य आहे, आपल्याकडेही तो व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात प्रयोगशाळेत नाही तर आपल्या वाड्यांवर, आजारी कोकराची नोंद करण्यातून व्हायला हवी.

आधी आजार काय आहे ते सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत सफाईची एक व्यवस्था असते, तिला लायसोसोम म्हणतात. गोठा रोज झाडावा लागतो तसा पेशीतला कचराही रोज मोडून बाहेर काढावा लागतो. एखादा जनुक बिघडला की झाडणाऱ्या हातांपैकी एक हात जातो आणि कचरा साठत राहतो. बाकी अवयव हे बराच काळ सोसतात, मेंदू आणि डोळ्याचा पडदा सोसत नाही. बॅटन गटातल्या आजारांसाठी डझनभराहून जास्त जनुक जबाबदार आहेत आणि त्यांना सीएलएन१, सीएलएन२ असे क्रमांक आहेत. इंग्लंडमधले डॉक्टर फ्रेडरिक बॅटन यांनी १९०३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव लागलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८२६ मध्ये, नॉर्वेतल्या रोरोस या खाणीच्या गावात ओटो स्टेंगेल नावाच्या डॉक्टरने एकाच घरातल्या चार भावंडांची हकीकत लिहून ठेवली होती. चौघांची नजर गेली, मग बुद्धी गेली, फीट आल्या. इलाज त्याच्याकडे काही नव्हता. त्याने नोंद केली, आणि ती नोंद आजही वाचली जाते.

आता हा आजार घरात कसा येतो. नंदुरबारकडे सातपुड्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे 'वाहक' हा शब्द तिकडे पाड्यापाड्यावर पोहोचला आहे. आई वाहक, बाप वाहक, दोघेही धडधाकट, आणि प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता की मूल आजारी निघेल. बॅटनचे बहुतेक प्रकार याच चालीने जातात. मेंढपाळाला हे वेगळ्या शब्दांत माहीत असतं. एकच मेंढा वाड्यात चार-पाच वर्षं राहिला की त्याच्याच लेकी त्याच्यापासून गाभण राहतात आणि कोकरं कमजोर निघायला लागतात. म्हणून जाणता माणूस दोन-तीन वर्षांत मेंढा बदलतो, सोयऱ्याच्या वाड्यातला आणतो. अडचण एवढीच की सोयऱ्याच्या वाड्यातला मेंढाही बहुतेक वेळा दोन पिढ्यांपूर्वी इथूनच गेलेला असतो. माणसांतल्या आते-मामे भावंडांच्या सोयरिकींचंही तेच आहे. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. लहान समाज आपल्यातच लग्नं करतो, तो कुठलाही असो.

न्यूझीलंडमध्ये साउथ हॅम्पशायर जातीच्या मेंढ्यांच्या एका कळपात वर्षाची झालेली मेंढरं आंधळी होऊन मरत होती. कुणीतरी ती पशुवैद्यकाला दाखवली. मॅसी विद्यापीठातले जॉली आणि वेस्ट यांनी १९७६ मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली: मुलांच्या बॅटनसारखाच आजार, मेंढीत, आपोआप आलेला. पुढे कळलं की हा सीएलएन६ जनुकाचा बिघाड आहे. बॉर्डरडेल नावाच्या दुसऱ्या जातीत सीएलएन५ चा बिघाड सापडला. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढ्यांतही सीएलएन६ निघाला. अमेरिकेत टेक्सासमध्ये जेकब जातीच्या मेंढ्यांत टे-सॅक्स हा लहान मुलांचा दुसरा जीवघेणा आजार सापडला. यातलं एकही जनावर कुणी प्रयोगशाळेत आजारी पाडलेलं नव्हतं. कळपाच्या मालकाला काहीतरी वेगळं दिसलं, त्याने ते दाखवलं, पाहणाऱ्याने टाळलं नाही. साक्रीच्या त्या रानात यातल्या पहिल्या दोन गोष्टी झाल्या होत्या. तिसरी माझ्याकडून व्हायची होती.

त्या मेंढ्यांनी काय दिलं याची दोन-तीन उदाहरणं सांगतो. पेशीत साठणारा तो कचरा म्हणजे खराब झालेली चरबी आहे, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. डेव्हिड पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मेंढ्यांच्या अवयवांतून तो पुरेशा प्रमाणात गोळा केला आणि १९८९ च्या सुमारास दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग एक विशिष्ट प्रथिन आहे, माइटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेचा एक तुकडा. मग तोच तुकडा आजारी मुलांच्या पेशींतही सापडला. एवढा साठा उंदराच्या चिमूटभर मेंदूतून गोळा करणं फार अवघड होतं. दुसरी गोष्ट मला जास्त हलवून गेली. आजारी मेंढीच्या मेंदूत सूज आणि खळबळ नजर जाण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, पोटातल्या कोकरातही तिच्या खुणा सापडल्या. म्हणजे घरच्यांना पहिली फीट दिसते तेव्हा आजार सुरू होत नसतो, तो अर्धी वाट चालून आलेला असतो. इलाज कधी करायचा हे यावर ठरतं.

तिसरी गोष्ट इलाजाची. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात नादिया मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलएन५ असलेल्या मेंढ्यांच्या मेंदूत निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर चढवून चांगला जनुक सोडला. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. लक्षणं दिसण्याआधी ज्यांना हा उपचार मिळाला त्या मेंढ्या, उपचार न मिळालेल्या मेंढ्या मरत होत्या त्या वयात, चक्रव्यूहातून वाट काढत होत्या, चरत होत्या. सीएलएन५ चं प्रथिन एका पेशीतून सुटून शेजारच्या पेशीला मिळू शकतं, त्यामुळे थोड्या पेशी सुधारल्या तरी पुष्कळ पेशींना आधार होतो. सीएलएन६ चं प्रथिन पेशीतच बांधलेलं असतं, तिथे हे काम फार अवघड आहे. एकाच आजाराच्या दोन प्रकारांना एकच औषध चालणार नाही, हे मुलांवर प्रयोग करून शिकण्यापेक्षा मेंढीत आधी कळलं. सीएलएन५ च्या मेंढ्यांच्या पाठोपाठ मुलांवरच्या चाचण्यांपर्यंत गाडी गेली.

उंदीर का नाही, हा प्रश्न रास्त आहे. उंदरांवर कामं झाली आहेत आणि होत राहतील. पण उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमपेक्षा हलका आणि वरून गुळगुळीत. मेंढीचा मेंदू शंभर ग्रॅमच्या पुढे जातो आणि त्याला आपल्यासारख्या घड्या असतात. औषध सुईने एका कोपऱ्यात सोडलं तर ते घड्यांतून पलीकडच्या टोकाला पोहोचतं का, हे घड्या असलेल्या मेंदूतच कळणार. मुलाला लागते तीच सुई, तोच एमआरआय मेंढीला चालतो. मेंढी दहा-बारा वर्षं जगते, त्यामुळे इलाज दोन महिने टिकला की चार वर्षं, हेही पाहता येतं.

इथपर्यंत वाचून काहींच्या मनात आलं असेल की मग त्या मुक्या जनावराचं काय. हा प्रश्न मला टाळायचा नाही. माझं आयुष्य त्या मुक्या जनावरांत गेलं आहे.

एक उत्तर मला नेहमी ऐकू येतं: मटण तर खातोच, मग प्रयोगाला काय हरकत? हे उत्तर मला पटत नाही. खाटकाकडचं मरण क्षणाचं असतं. बॅटन झालेली मेंढी वर्षभर हळूहळू अंधारात जाते. दोन्ही एका तागडीत टाकणं हे जनावर न पाहिलेल्या माणसाचं काम आहे. मेंढीला बुद्धी नसते म्हणणाऱ्यांनी तर वाड्यावर एक रात्र काढावी. संध्याकाळी दीडशे कोकरं सोडतात तेव्हा प्रत्येक कोकरू बरोबर आपल्याच आईकडे जातं. कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढी ५० मेंढ्यांचे चेहरे ओळखायला शिकते आणि दोन वर्षांनंतरही विसरत नाही. ही गोष्ट दोन्हीकडून कापते. मेंढीला ओळख आहे, आठवण आहे, सोबतीची ओढ आहे, म्हणूनच ती गेलेली मोजता येते आणि इलाजाने परत आलेलीही मोजता येते. आणि म्हणूनच तिचं दुःख हलकं धरता येत नाही. ज्या गुणामुळे ती उपयोगाची आहे त्याच गुणामुळे आपण तिचे देणेकरी होतो.

तरीही मी होकार देतो, तो एका कारणाने. हा आजार तिचाही आहे. कळपात तो आपण नेला नाही, तो आधीच तिथे आहे, आणि आज तो कोकराला काहीही न देता मारतो. वाड्यावर आंधळं कोकरू काटेरी कुंपणात अडकतं, पाण्याला मुकतं, लांडगा उचलतो, नाहीतर खाटकाची गाडी येते. त्याला सावली, हाताशी पाणी, ओळखीच्या चार मेंढ्यांची सोबत आणि रोज पाहणारा पशुवैद्यक मिळाला तर त्याचं जगणं त्या जाळीपेक्षा वाईट नक्कीच होणार नाही.

पण न्यूझीलंडमध्ये पुढे जे झालं तेही सांगायला हवं. तिथे वाहक मेंढ्यांचे कळप मुद्दाम सांभाळले जातात आणि त्यांच्यातून आजारी कोकरं जन्माला येऊ दिली जातात. त्याशिवाय इलाज तपासताच येत नाही. इथे 'आपोआप आलेला आजार' हे समर्थन अर्धं पडतं. आणखी एक पाऊल पुढे स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने टाकलं. जिथे १९९६ मध्ये डॉली ही क्लोन केलेली मेंढी जन्मली त्याच संस्थेने क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने सीएलएन१ चा बिघाड असलेल्या मेंढ्या तयार केल्या आणि २०१९ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. हा आजार मेंढीत नव्हता, तो आणला गेला. माझं मन इथे अडखळतं. सीएलएन१ ची मुलं फार लवकर, बाळपणीच खचतात, त्यांना दुसरा मार्ग सापडलेला नाही हे मी जाणतो. म्हणून मी नाही म्हणत नाही, पण अटी कडक असाव्यात. मेंढी उठू न शकण्याच्या आधी, फीट सुरू राहण्याच्या आधी थांबायचं. तिला एकटीला कोंडायचं नाही, एकटी मेंढी घाबरून अर्धी होते. आणि फसलेला प्रयोगही छापायचा, कारण तो लपवला तर दुसरीकडे पुन्हा तेवढीच कोकरं त्याच वाटेने जातील. आपल्याकडे प्राण्यांशी क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा आहे, प्रयोगांवर नजर ठेवणारी समिती आहे, मोठ्या जनावरांसाठी तिची परवानगी लागते. कागदावरची ही व्यवस्था वाईट नाही.

आणि मेंढीच्या मेंदूचे आपण काही पहिल्यांदा देणेकरी होणार नाही. कुत्रं चावल्यावर पोटात १४ इंजेक्शनं घेतलेली माणसं खानदेशातल्या प्रत्येक गावात आहेत, माझा थोरला भाऊ त्यातला. ती लस कुठून येत होती हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल. १९११ मध्ये हिमाचलातल्या कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ती तयार करण्याची रीत काढली होती, आणि आपल्याकडे ती येत होती मेंढीच्या मेंदूपासून. मेंढीला रेबीजचा विषाणू देऊन, लकवा भरायला लागला की तिचा मेंदू काढून, कार्बोलिक ॲसिडने विषाणू मारून ती लस बनत असे. जवळजवळ शतकभर या देशातली लेकरं त्या मेंढ्यांनी वाचवली. त्या लशीत दोषही होता, मेंदूच्या अंशामुळे काही माणसांना लकवा होई. पेशींवर वाढवलेली चांगली लस आली आणि २००५ पर्यंत आपण मेंढीच्या मेंदूची लस बंद केली. या इतिहासातून मी दोन्ही गोष्टी घेतो. गरज होती तेव्हा मेंढी घेतली गेली, आणि गरज संपल्यावर सोडली गेली. बॅटनच्या मेंढ्यांचे कळपही असेच एक दिवस मोकळे व्हावेत, आणि तो दिवस आजच्या कामातूनच जवळ येईल.

आता आपल्याकडचं. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाखांवर मेंढ्या होत्या. एवढ्या मेंढ्यांत, आपल्याच रक्तात फिरणाऱ्या वाड्यांत, असे आजार आहेत की नाहीत हे कळण्याची सोय आज गावपातळीवर नाही, कारण आंधळं कोकरू कुणाला दाखवायचं हेच ठरलेलं नाही. मेंढपाळ नुकसान टाळण्यासाठी ते विकतो, आणि त्याने दुसरं काय करावं? त्याला बाजारभावाने पैसे द्या. मेलेल्या जनावराचं डोकं फॉर्मेलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवायची व्यवस्था तालुक्याच्या दवाखान्याला द्या. कोकराचं, आईचं, मेंढ्याचं रक्त घ्या. चाळीसगाव तालुक्यातल्या बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, आजारी कोकरं तिथे सांभाळता येतील. यात मेंढपाळाचाही फायदा आहे: वाहक मेंढा ओळखून काढून टाकला की पुढची कोकरं वाचतात.

हे आपल्याला जमणार नाही असं मला वाटत नाही, कारण याच राज्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मेंढीच्या जनुकाचं काम थेट मेंढपाळांच्या वाड्यांपर्यंत नेऊन दाखवलं आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत जुळं देणारा जनुक आहे. तोच जनुक अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि तिथे बुरुला या नावाने गाजला. फलटणला तो दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा मेंढी तयार झाली. रक्ताच्या तपासणीवरून कोणत्या मेंढ्यात जनुक आहे ते पाहून मेंढे निवडले गेले. चांगला जनुक शोधता येतो तसा घातक जनुकही शोधता येईल.

मुलांच्या बाबतीत तर काम याहून सोपं आहे. सीएलएन१ आणि सीएलएन२ साठी लागणारी एन्झाइमची तपासणी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. तो कागद पाकिटात घालून पाठवता येतो. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तीन वर्षांचं मूल, बोलणं उशिरा, आणि पहिली फीट: एवढं दिसलं की तो थेंब घ्यायचा, हा नियम करायला कितीसा खर्च येणार? सीएलएन२ ला आज औषध आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि त्याचा रस्ता डॅक्सहुंड कुत्र्यांवरच्या कामातून निघाला होता. दर दोन आठवड्यांनी ते थेट मेंदूतल्या पोकळीत सोडावं लागतं. ते गेलेलं परत आणत नाही, जाणं लांबवतं. म्हणून तीन वर्षांच्या वयात कळणं आणि सात वर्षांच्या वयात कळणं यात एका मुलाचं चालणं-बोलणं असतं. भाचीच्या मुलाची ती चार वर्षं कुणाला परत देता येणार नाहीत.

किमतीचा प्रश्न मोठा आहे हे मी मान्य करतो. बाजारात आलं तेव्हा या औषधाचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च ७ लाख डॉलरच्या घरात सांगितला गेला. आपल्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या गटाचा समावेश आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्याचं एक केंद्र आहे, आणि मदतीची मर्यादा ५० लाख रुपये आहे. जन्मभराच्या औषधाला ती पुरत नाही. उलट जनुक उपचार एकदाच करायचा असतो, आणि मेंढ्यांवर जे तपासलं जात आहे ते मुख्यतः तेच आहे. खानदेशातल्या घराला परवडेल असा इलाज यायचा असेल तर तो याच दिशेने येईल, म्हणून या कामात आपला हात असला पाहिजे. नाहीतर दुसऱ्यांनी शोधायचं आणि आपण वर्गणी गोळा करायची, हे चालत राहील.

नंदुरबारला कुपोषणाने पोरं जातात आणि तुम्ही लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराचं घेऊन बसलात, असं मला एका जुन्या सहकाऱ्याने तोंडावर सुनावलं. त्याचा राग खरा आहे, त्या पाड्यांवर मीही फिरलोय. पण मी कुपोषणाचा एक रुपया इकडे वळवा म्हणत नाही. वजन करायला घरी येणारी अंगणवाडीताई मूल चालायचं का थांबलं हेही विचारू शकते. लस टोचायला जाणारा माझ्यासारखा माणूस आंधळ्या कोकराचं नाव वहीत लिहू शकतो. दोघेही आधीच त्या दारात उभे असतात.

मागच्या हिवाळ्यात तेच वाडे पुन्हा आमच्या बाजूला उतरले. म्हातारी आता नाही, तिची सून वाडा चालवते. मी माझा फोन नंबर तिला दिला आणि सांगितलं की असं कोकरू दिसलं तर विकायच्या आधी मला कळव, बाजारभाव मी देतो. पौषात तिचा फोन आला: एक पाठ, म्हणजे तरणी मेंढी, खांबाले धडकस. मी तालुक्याच्या डॉक्टरांना घेऊन गेलो. कवटी एका जागी मऊ लागत होती. पाण्याचा फोड होता, डॉक्टरांनी तो तिथेच काढला. चार दिवसांनी मेंढी चरायला लागली. मी वहीत तारीख घातली, वाडा कुणाचा ते लिहिलं, मेंढीचं वय, आई कोणती, मेंढा कुठून आणलेला, आधीच्या वेतात काय झालं होतं, सगळं विचारून लिहिलं. सून शेजारी बसून सांगत होती. लिहून झाल्यावर तिने वही हातात घेतली, वाचता येत नसतानाही पान नीट पाहिलं, आणि म्हणाली की दोन वर्षांखाली त्यांच्या दिराच्या वाड्यात एक कोकरू असंच होतं, तेही लिहा. मी पुढच्या ओळीत लिहिलं.